चार बोटं वर

गॅरेजवरून जाताना ग्रीसचा आणि नव्या रबराचा वास आला की मला आमच्या गाडीचे ते कॉइलओव्हर, म्हणजे गाडीची उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंगवाले शॉक, आठवतात. माझा नवरा जहाजावर नोकरीला. एका सुट्टीत महिनाभर मोबाईलवर शोधून त्याने ते मागवले आणि कुडाळच्या मेकॅनिककडून बसवून गाडी चार बोटं खाली करून घेतली. दिसायची छान, पण फार कडक झाली होती. तो जहाजावर गेला आणि इकडे सासऱ्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. त्यांना तपासणीसाठी ओरोसच्या इस्पितळात मीच न्यायची. "दुखता काय ओ, बाबा?" म्हटलं की ते म्हणत, "नाय गो, तू चलव." आरशात मात्र त्यांचे घट्ट मिटलेले डोळे दिसायचे. शेवटी मी गाडी त्याच मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, "वैनी, वर करून नरम करूक तासभर पुरे. पण त्येंका विचारलास काय?" जहाजावर फोन लागत नव्हता. "करून टाका," मी म्हटलं. चार महिन्यांनी नवरा आला आणि अंगणातल्या गाडीकडे बघतच राहिला. मी भीत भीत सगळं सांगितलं. त्याने गाडीची किल्ली घेतली. वडिलांना शेजारी बसवून वालावलच्या देवळात जाऊन आला. आल्यावर हळूच म्हणाला, "बाबांका वाटेत झोप लागली गो." आता बाबा काठीशिवाय चालतात. गाडी परत खाली करून घे, असं मीच त्याला दर सुट्टीत सांगते. तो म्हणतो, "बघुया."