वरची खुर्ची

पाईपांच्या त्या शेडमध्ये तिला सगळे हवालदारीण म्हणत. पोलिसात ती कधीच नव्हती. पण पिवळं हेल्मेट घालून, पाय रोवून शेडच्या मधोमध उभी राहिली आणि हात वर केला, की दहा टनांची क्रेन जागच्या जागी थांबायची. बोट वर करून गोल फिरवलं की हूक वर. तळवा खाली दाबला की हूक खाली. मूठ आवळली की थांब. मग कुणाचा बाप घाईत असला तरी थांब. पाईपांच्या गठ्ठ्याला पट्टे बांधायचे, ते हुकात अडकवायचे, आणि मग हातांनी वरच्याला सांगायचं, किती उचल, कुठं ने, कधी टेकव. वरचा म्हणजे छताखाली रुळांवर धावणाऱ्या क्रेनच्या काचेच्या केबिनमधला ऑपरेटर. तो खुर्चीत बसायचा, ही उभी असायची. सोळा वर्षं.

सोळा वर्षांत चार ऑपरेटर झाले. चौघांनाही हिनंच घडवलं, असं फोरमन तोंडानं म्हणायचा; कागदावर कधी लिहायचा नाही. गठ्ठा वाकडा व्हायच्या आधीच हिला कळायचं आणि मूठ वर जायची. एवढ्या वर्षांत तिच्या नजरेखाली कुणाचं नखसुद्धा दुखावलं नाही.

त्या चौघांचा तिला हेवा वाटला नाही. ते पुरुष होते, शिकलेले होते, त्यांची दुनिया वेगळी. जे आपल्या ताटात पडणारच नाही, त्याचा वास घेऊन काय करायचं? पाचवी ऑपरेटर आली तेव्हा मात्र तिच्या पोटात जी आग पडली, ती विझायचं नाव घेईना. कारण पाचवी होती तिची धाकटी नणंद.

आणि तिला इथं चिकटवली होती हिनंच! चोवीस वर्षांची पोर घरी बसून आईच्या कानाला लागण्यापेक्षा बरी, म्हणून फोरमनच्या हातापाया पडून पट्टे बांधायला घेतली. सात महिन्यांत ती जेवणाच्या सुट्टीत शिडी चढून केबिनमध्ये डोकावली. म्हाताऱ्या ऑपरेटरनं कौतुकानं लिव्हर हातात दिली. वर्ष सरायच्या आत परवाना काढून मोकळी. नणंदेला निम्मं काम येत असलं तरी ती पूर्ण येतं म्हणून सांगायची, आणि उरलेलं निम्मं खुर्चीत बसल्यावर शिकायची. हिला सगळं येत होतं, आणि ही कुणी विचारलं की म्हणायची, "आपल्याला कुठं जमतंय?"

घरी तर रोजच मीठ चोळलं जायचं. सासू शेजारणीला सांगायची, "आमची लेक एवढ्या उंचावर बसते, खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात म्हणे." त्यातली एक मुंगी तेव्हा आत भांडी घासत असायची. नणंद आली की सासू पाण्याचा पेला घेऊन उठायची, "दमली गं पोर." हिच्या ओठांवर यायचं, आणि मी काय पलंगावर लोळून आले? पण ओठांवर आलेलं ती गिळायची. गिळलेलं पचत नव्हतं, एवढंच.

मग स्वतः का नाही चढली? तर पहिल्याच वर्षी एकदा चढली होती. ऑपरेटरचा विसरलेला डबा पोचवायला. सव्वीस पायऱ्यांची उभी लोखंडी शिडी. अकराव्या पायरीवर तिनं खाली पाहिलं आणि हातपाय शिडीला चिकटले ते चिकटलेच. वर जाता येईना, खाली येता येईना. शेवटी कमरेला दोरी बांधून पोतं उतरवावं तशी उतरवली. शेड महिनाभर हसत होती. त्याच्याही आधी, सातवीत नापास झाली तेव्हा बाप म्हणाला होता, "हिला वरचं झेपत नाही. पुरे झाली शाळा." शाळेची आणि शिडीची तिनं आपल्या मनात एकच मोट बांधली: वरचं आपल्याला झेपत नाही. गरिबाच्या पोरीला असलं एखादं वाक्य लहानपणीच देऊन ठेवतात. मग तिच्यावर पहारा ठेवायचा खर्च वाचतो.

मग शेडच्या दुसऱ्या भागात नवी क्रेन आली. ऑपरेटर आतल्याच माणसांतून घेणार, दहा दिवस जेवणाच्या सुट्टीत सराव, मग चाचणी, असं फोरमननं सांगितलं. त्या संध्याकाळी नणंद जेवता जेवता म्हणाली,

"वहिनी, तुझं नाव दिलंय मी."

"कुठं?"

"नव्या क्रेनला."

"कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग आताही नाहीच. तुझी उतरलेली खुर्ची मला नको."

"उतरलेली कुठली? कोरी आहे. अजून वरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही."

सासू मध्ये पडली. "अगं, तिला कशाला चढवतेस? मागं दोरीनं उतरवावी लागली होती. तेव्हा तर बारीक होती."

नवरा हसला. वाईट नव्हता तो, पण हसला. तिनं ताट सरकवलं आणि उठली. नणंदेनं वाईट केलं असतं तर सोसलं असतं. तिनं चांगलं केलं होतं, तेही वरून, हात खाली करून, जसं एखाद्याला काही उचलून द्यावं तसं. हेच सोसवेना.

दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या तासभर आधी ती शेडमध्ये होती. कुणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी नऊ पायऱ्या. दुसऱ्या दिवशी अकरा, आणि तिथंच तळहाताला घाम. धीर वगैरे काही आला नाही तिला. आठवला तो नणंदेनं केबिनमध्ये लावलेला आरसा. क्रेन चालवता चालवता ही बया स्वतःचं तोंड बघते! बारावी पायरी त्या आरशानं चढवली. मग तिनं प्रत्येक पायरी कुणा ना कुणाच्या नावानं शिव्या देत चढायला सुरुवात केली: बापाच्या, मास्तरांच्या, दोरी बांधणाऱ्यांच्या, सासूच्या. शेवटच्या सहा पायऱ्या नणंदेच्या वाट्याला आल्या, आणि शिव्या कमी पडल्या नाहीत.

पाचव्या दिवशी ती केबिनमध्ये पोचली. खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून तिनं खाली पाहिलं, आणि पहिली गोष्ट तिच्या ध्यानात आली ती ही, की इथून काहीच दिसत नाही. पाईपांची टोकं दिसत नाहीत, पट्ट्याची गाठ दिसत नाही, गठ्ठा जमिनीपासून वीतभर वर आहे की हातभर, कळत नाही. ज्यांना सोळा वर्षं देव मानलं ते इथं आंधळे बसले होते, आणि डोळे खाली धुळीत उभे होते! तिला रडू यायला हवं होतं. राग आला. असा राग, की उंचीची भीती कुठं गेली ते बघायलाही वेळ मिळाला नाही.

सहाव्या दिवसापासून ती सरावाला बसली, पण शिकवायला नणंदच. डाव्या हाताची लिव्हर पुढं केली की क्रेन रुळांवर पुढं जाते, उजव्या हाताची ओढली की हूक वर येतो, सोडून दिली की आपली आपण मध्ये येते आणि थांबते. एवढंच. पण नणंदेचं तोंड थांबत नव्हतं. "हळू गं वहिनी, लिव्हर आहे ती, चटणी वाटत नाहीस तू." आणि स्वतः बोट लावायची तर हूक लोण्यासारखा सरकायचा. हिच्या हातात तोच हूक झोकांड्या खात चालायचा. तिला वाटायचं, हिची बोटं उपटून घ्यावीत आणि आपल्या हाताला लावावीत.

चाचणीच्या दिवशी दोनच उमेदवार होते. एक वेल्डर, तो पहिल्या उचलीतच घाबरून उतरला. मग ही. खाली खुणा करायला फोरमननं नणंदेला उभं केलं. नणंद खुणा करायची म्हणजे माश्या हाकलल्यासारख्या. केबिनच्या खिडकीतून हिनं ओरडून सांगितलं, "हात सरळ कर! मला बोलावतेस की हाकलतेस?" खाली हशा पिकला. नणंदेचा चेहरा लाल झाला, आणि ते बघून हिला फार बरं वाटलं.

गठ्ठा उचलला. क्रेन पुढं निघाली. निम्म्या वाटेत हूक केसभर एका अंगाला कलला. नणंदेला दिसलं नाही. काय बघायचं हेच तिला ठाऊक नव्हतं. हिला वरून कळलं; पाईप दिसत नसले तरी हूक दिसत होता. आणि सोळा वर्षांत दिवसातून शंभर वेळा जे केलं होतं तेच हिनं केलं. उजवा हात लिव्हरवरून उचलला आणि मूठ आवळून वर धरली.

थांब!

हूक थांबला. क्रेन थांबली नाही. डावा हात लिव्हर पुढं दाबूनच बसला होता. वाकडा गठ्ठा सरळ नणंदेच्या रोखानं निघाला. ती किंचाळून रचलेल्या पाईपांआड दडली, गठ्ठा त्या पाईपांवर धाडकन आपटला, त्यातला एक निसटून घरंगळत भिंतीपर्यंत गेला. आणि ही वर मूठ धरून बसलेली, थांबत का नाही म्हणून चिडलेली.

"उतर खाली!" फोरमन ओरडला.

ती उतरली. फोरमन चाचणीचा कागद हातात घेऊन उभा होता. "काय करत होतीस?"

"थांबवत होते."

"कुणाला?"

"वरच्याला."

"वर तूच होतीस, बाई!"

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी शेड हसली. नणंद हसली नाही. पांढरीफटक पडली होती. "मला मारलं असतंस तू."

त्या वेळी हिच्या मनात जे येऊन गेलं, ते तिनं पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. त्याचीच लाज वाटून ती दुप्पट चिडली. फोरमन नावावर काट मारायला लागला तसा तिनं कागदावर पंजा ठेवला.

"थांबा. गठ्ठा कलला ते आधी कुणी पाहिलं?"

"आता ते काय करायचंय?"

"विचारा हिला. खाली उभी होती ना? हिनं खूण केली? तुम्ही इथं उभे होता, तुम्हाला दिसलं? हात चुकला माझा. मान्य. सोळा वर्षं तुम्ही मला हातानंच थांबवायला लावलंत, तर एका दिवसात हात कसा विसरेल? पण डोळा चुकला नाही. इथं लिव्हर हलवणारे शंभर मिळतील, डोळा कुणाकडं आहे ते दाखवा!"

फोरमननं नणंदेकडं पाहिलं. "तुला दिसलं होतं?"

नणंदेला खोटं बोलता आलं असतं. तिचं कुणी काही बिघडवलं नसतं. ती म्हणाली, "नाही. मला काहीच दिसलं नाही."

"उद्या सकाळी," फोरमन हिला म्हणाला. "एकदाच. लिव्हरवरून हात उचललेला दिसला, तर परत हे नाव माझ्यासमोर नको."

त्या संध्याकाळी ती ओट्यापाशी दोन पळ्या धरून उभी राहिली आणि मोठ्यानं बोलत राहिली. घे वर. हळू. पुढं. थांब! थांब म्हटलं की दोन्ही हात मागं. खूण हातानं करायची नाही, तोंडानं करायची. नवरा दारात आला, बघून गेला, हसला नाही. सासू म्हणाली, "आता हिला काय झालं?" नणंद म्हणाली, "आई, तू गप्प बस गं." हेही हिला आवडलं नाही. पण पळ्या सोडल्या नाहीत.

सकाळी अख्ख्या शेडनं ऐकलं. केबिनची खिडकी उघडी होती आणि वरून आवाज येत होता, "घे वर... अजून... बास! चल पुढं, घाई नको, कुणाचं लग्न राहिलंय का? हळू, मेल्या, हळू... थांब म्हटलं ना!" आणि क्रेन थांबत होती. हूक झोकांड्या खात होता, टेकवताना गठ्ठा दाणकन वाजला, पण बोटभरसुद्धा वाकडा झाला नाही. लोक हसून हसून बेजार झाले. फोरमननं सही केली.

आता दोघी शेजारशेजारच्या रुळांवर असतात. सासूनं शेजारणीला सांगायचं बदललं आहे: "दोघीही वरच असतात, घराकडं बघणार कोण?" हवालदारीण अजून मोठ्यानं बोलतच क्रेन चालवते. नवीन माणसाला वाटतं, केबिनमध्ये दोघं भांडताहेत. नणंद गठ्ठा टेकवते तेव्हा आवाज होत नाही, आणि तो न झालेला आवाज हिला रोज ऐकू येतो. जळजळ गेलेली नाही. फक्त आता ती जळत बसत नाही. जेवणाच्या सुट्टीतल्या उरलेल्या दहा मिनिटांत रिकामा हूक खालीवर करत हात बसवते.

एका दुपारी डबा खाताना नणंदेनं विचारलं, "वहिनी, गठ्ठा कलणार हे तुला आधी कळतं कसं गं?"

सहज विचारल्यासारखं विचारलं. पण मान वर झाली तेव्हा हिनं ते डोळे पाहिले आणि ओळखले. दोन वर्षं तिनं आरशात स्वतःचेच असे डोळे पाहिले होते.

"बघू. सांगेन कधीतरी," ती म्हणाली आणि सावकाश घास चावत राहिली. दोन दिवस तिनं नणंदेला ताटकळत ठेवलं, आणि ते दोन दिवस जेवण फार गोड लागलं.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. खोटं बोलली नव्हती ना पोर, म्हणून सांगितलं. पट्टा कसा कुरकुरतो, हूक कसा कलतो, कुठं बघायचं.

सगळं नाही सांगितलं.