सूर्यचुलीचे काळे डबे

मरोळच्या एका कारखान्यात आम्ही बायका सूर्यचुली बनवायचो. आतल्या डब्यांना बाहेरून काळा रंग द्यायचं काम माझं. काळ्या डब्यातच ऊन चांगलं मुरतं. एक सूर्यचूल मी हौसेने घरी आणली. पहिल्याच रविवारी सासूबाईंनी गच्चीवर तिच्यात भात लावला. दुपारचे दोन वाजले तरी तांदूळ कच्चेच! मी डबा बाहेर काढला, तर आरशासारखा लखलखीत. सासूबाईंनी काजळी समजून सगळे डबे राखेने घासले होते. माझं डोकंच फिरलं. "अहो, तो रंग होता! मीच लावलेला!"

त्या म्हणाल्या, "जन्मभर चुलीचं काळं घासतच आले गो मी. आण तो ब्रश, आता लावून बघते."