केळीच्या बागेत द्राक्षवेल

निघायच्या दिवशी बॅग भरताना माझी बायको मार्था म्हणाली, "तिकडं तरी दुसऱ्यांना बोलू द्या." मी गाडीची वेळ पुन्हा एकदा पाहिली. वेळ मला पाठ होती.

तिच्या बोलण्याला कारण होतं. वसईकडच्या आमच्या गावात गेली अठरा वर्षं रविवारच्या मिस्सेतलं (चर्चमधल्या उपासनेतलं) बायबलवाचन मीच करतो. वेदीजवळच्या त्या स्टँडपाशी पुस्तक आणि मी असे दोघंच शोभतो, अशी माझी समजूत. अंगात ताप असताना वाचलं, चुलतभावाच्या लग्नातून मधेच उठून येऊन वाचलं. आता नवे फादर आले आहेत, वयानं माझ्या विद्यार्थ्यांएवढे. ते म्हणाले, "मास्तर, चर्चमध्ये सुधारणा होऊन इतकी वर्षं झाली. वाचायला बायका येऊ द्या, तरुण येऊ द्या. नव्या वाचकांची यादी तुम्हीच करा." मी कागद खिशात घातला आणि कोराच ठेवला. मग त्यांनी मला खानदेशात धाडलं. तिथल्या विखुरलेल्या कॅथलिक कुटुंबांना रविवारची वाचनं समजावायची आणि ती रोजच्या जगण्याला कशी लावायची ते शिकवायचं. रविवारी स्टँड मोकळा करायची ही युक्ती असावी, असं मला वाटलंच. पण पत्रात माझ्या नावापुढं 'मार्गदर्शक' लिहिलं होतं. तिथं मी विरघळलो.

जळगावला उतरलो तेव्हा एप्रिलचं ऊन फलाटावर माझ्याआधी येऊन बसलं होतं. मला न्यायला नाना आले होते. नाना म्हणजे निवृत्त कंपाउंडर, आणि इथल्या मंडळींचे आधार. त्यांनी माझी पुस्तकांची बॅग स्कूटरवर पुढं घेतली आणि मला मागं बसवून पिंप्राळ्यात घरी नेलं. गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत होत्या आणि घरात कूलर घरघरत होता. जेवायला शेवभाजी आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी होती.

"पाहुणे म्हणून तिखट कमी टाकलंय," नाना म्हणाले.

पहिल्या घासाला माझे कान बंद झाले. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. नानांनी ते भक्तीचं समजून आणखी वाढलं. मासे मिळतील का, हे विचारायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.

संध्याकाळी त्यांच्याच घरी पंधरावीस माणसं जमली. येत्या रविवारचं शुभवर्तमान (ख्रिस्तचरित्रातला उतारा) द्राक्षवेलीचं होतं. मिस्सेत ते फादर वाचतात, पण अभ्यासाला आपण वाचायला हरकत नाही. ख्रिस्त वेल, आपण फांद्या, आणि देवबाप माळी. फळ न देणारी फांदी तो तोडतो, देणारी छाटून साफ करतो. यावर मी दीड तास बोललो. सगळे शांतपणे ऐकत होते.

"कुणालाच शंका आली नाही," नंतर मी समाधानानं म्हणालो.

"येणार कशी? मधे जागाच नव्हती," नाना म्हणाले आणि दिवा मालवायला उठले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं चोपड्याकडच्या एका गावी गेलो. तिथं आपली पाचसहाच कुटुंबं, सगळी केळीच्या बागांत मजुरीला जाणारी. ज्या खोलीत जमायचं तिचे पत्रे असे तापले होते की मार्गदर्शकही वितळला असता. तेव्हा बागेचे मालक आबा म्हणाले, "बागमा बसा ना. बठ्ठा (सगळे) जण बसा, थंड शे." आबा हिंदू शेतकरी. आमच्या प्रार्थनेला त्यांनी स्वतः पोती अंथरली आणि एका पोत्यावर स्वतःही बसले. बागेत खरंच गार होतं. पाटाचं पाणी वाहत होतं आणि डोक्यावर हिरवी पानं एकमेकांना भिडली होती.

वाचायला कोण येतं, असं मी विचारल्यावर अक्कांनी आपल्या सुनेला पुढं केलं. अक्का पन्नाशीच्या, घड वाहून खांदा पक्का झालेल्या. सून लीला, सातवी शिकलेली. तिनं पदर सारखा केला, पुस्तक धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मी खरी द्राक्षवेल शे."

"आहे," मी म्हणालो.

"हा, शे," ती म्हणाली आणि पुढं निघाली. पुस्तकात 'आहे' छापलेलं, तिच्या डोळ्यांना 'आहे' दिसत होतं, पण तोंडातून 'शे' येत होतं. पाच वेळा मी तिला थांबवलं. सहाव्या वेळी तिनं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि मागं जाऊन बसली. आता वाच म्हणून मी पुन्हा सांगितलं, पण तिनं मान हलवली. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणूनच मी लगेच द्राक्षवेलीवर बोलायला लागलो. तोडणं, छाटणं, फळ.

"मास्तर," अक्कांनी मला अडवलं, "वेल आम्ही दखी नही. पन आम्हना आठे (इथं) उलटं शे. ज्या झाडनी फय (फळ) दिधं, तेच कापतस."

आबा हसले. "बरोबर शे. केय (केळ) एकदाच घड देस."

"मंग त्या झाडनी काय करानं? रडानं?" अक्का माझ्याकडं पाहत म्हणाल्या. त्यांनी बोट दाखवलं. घड उतरवलेलं एक खोड अर्ध्यावर कापलेलं होतं. त्याच्या पायथ्याशी पील (मुळातून फुटलेलं नवं रोप) कंबरेएवढं झालं होतं. "त्याना रस पीलले जास. मोठं झाड तसंच उभं ऱ्हायनं, तर पीलले ऊन कोठे भेटी?"

मी त्या कापलेल्या खोडाकडं पाहत राहिलो. एक गोष्ट सांगायला लाज वाटते. मी वसईचा. माझं बालपण केळीच्या वाडीत गेलं. बापाबरोबर मी स्वतः अशी खोडं कापली आहेत. आणि अठरा वर्षं लोकांना सांगत आलो काय, तर द्राक्षाची वेल, जिचं पानसुद्धा मी वेलीवर पाहिलेलं नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही जळगावपर्यंत, तिकीट काढून. खिशातला कोरा कागद मला एकदम टोचायला लागला.

रविवारी मिस्सा धुळ्याला होती. अक्का आणि लीला माझ्याबरोबरच एसटीनं आल्या. पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात पोचेपर्यंत लीला खिडकीशी ओठ हलवत होती. मी मुद्दाम ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण बोललो नाही.

तिथले फादर मला पाहून म्हणाले, "पाहुणे आलेत, तर पहिलं वाचन तुम्हीच करा." माझे पाय लगेच निघाले. पायांना अठरा वर्षांची सवय. दोन पावलं गेल्यावर मी वळून पाहिलं. लीला नव्या लुगड्यात भिंतीशी उभी होती, नजर खाली.

त्या दिवसाचं वाचन मला पाठ होतं. पौल आधी ख्रिस्ताच्या शिष्यांचा छळ करणारा, आता नवाच शिष्य झालेला. जुने शिष्य त्याला भितात, जवळ करत नाहीत. शेवटी बर्णबा त्याचा हात धरून त्याला त्यांच्यात नेतो. मी इतक्या वेळा वाचलंय हे, आणि दर वेळी स्वतःला बर्णबा समजत आलो. आपण त्या भित्र्या, दार अडवून बसलेल्यांतले असू, हे कधी मनात आलं नाही.

मी परत फिरलो आणि लीलाला म्हणालो, "चल, तू वाच."

"मन्हाकडथीन 'शे' ई जाई, मास्तर."

"येऊ दे."

तिनं वाचलं. आवाज आधी थरथरला, मग लागला. 'शे' दोनदा आलं. चर्चमध्ये कुणाच्या भुवया हलल्या नाहीत, कारण बसलेल्यांपैकी बहुतेकांचं घरातलं बोलणं तेच होतं. अक्का डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि आज त्यांच्या घरातून शास्त्र वाचलं जात होतं. मिस्सा झाल्यावर त्यांनी बिबड्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. मी डोळे पुसले, तिखट नसतानाही.

घरी आल्यावर मार्थानं आधी बिबड्या मोजून ठेवल्या आणि मग विचारलं, "बोलू दिलंत का कुणाला?"

"त्यांनीच मला बोलू दिलं नाही," मी म्हणालो. रात्रीच्या जेवणाआधी मी यादी लिहिली. सात नावं, त्यांत चार बायकांची. माझं नाव कुठं घालावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात कागद संपला. खरं सांगायचं तर मी अक्षर मुद्दाम मोठं काढलं होतं.

पुढच्या रविवारी स्टँडपाशी शेजारच्या फिलूची मुलगी उभी राहिली. अठरा वर्षांनी मी बाकावर बसलो होतो आणि बाकावर हात कुठं ठेवायचे हेच मला आठवेना. ती पहिल्याच ओळीत अडखळली. मी पुढं झुकलो. शुद्ध शब्द माझ्या ओठांवर तयार होता.

मार्थानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सावली पडतेय तुमची," ती हळूच म्हणाली.

बिबड्या तळताना केळीची गोष्ट मी तिला सांगितली होती, ती तिनं नीट ऐकली होती तर. मी मागं टेकलो. पोरगी पुन्हा सुरुवातीपासून वाचायला लागली.