पिंगळा सगळ्यांना दिसला

आमच्या दादरच्या बागेत पिंगळ्याची पिल्लं आहेत, ही बातमी मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, ‘कोणाला सांगू नका.’ मला सांगताना सोसायटीतल्या नलूताई धैर्यवान हेच म्हणाल्या होत्या. मी फक्त शब्द न् शब्द पुढे पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत तीसेक माणसं. शामरावांचा अख्खा हास्यक्लब आलेला. मूठभर घुबड बघायला कोणी शेवेची पुडी घेऊन येतं? दोघांनी आणली होती. जो तो दिसेल त्या ढोलीत मोबाइलचा टॉर्च मारत होता, कारण झाड कुठलं ते नलूताईंनी मलाही सांगितलेलं नव्हतं.

विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्या मैत्रिणींनी गुडघे बदलून घेतले, यांनी दुर्बीण घेतली. भर मे महिन्यात डोक्यावर ओला नॅपकिन आणि त्यावर टोपी घालून त्या बाकावर बसतात. “आत्ताच बघून घ्यावं रे. उकाड्यानं पक्ष्यांनाही उडायचा कंटाळा येतो,” असं त्यांचं शास्त्र.

त्या दिवशी मात्र त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मनू, ही जत्रा बघून आईबाप ढोलीकडे फिरकत नाहीयेत. या उन्हात पिल्लं उपाशी मरतील.”

“नलूताई, माझं चुकलंच—”

“ते नंतर. आधी यांना हलवू दे.”

आणि मग ऑफिसातल्या आवाजात, “मंडळी, इथे काय शोधताय? गेटाजवळच्या पिंपळावर बघा. शेंड्याला, डावीकडे. राखाडी आहे. झोपलाय, हलणार नाही.”

सगळी वरात गेटाकडे. दुर्बीण हातोहात फिरली. जो तो डोळे बारीक करून शेंडा धुंडाळत होता. मग शामराव म्हणाले, “हां. दिसला. चांगला गुबगुबीत आहे.” त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “एक कुठला, दोन आहेत.” झोपमोड करून आलेला दादरकर काही न बघता घरी जात नाही. तिसऱ्याला पिल्लंही दिसली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, “डोळे काय सुंदर पिवळे आहेत.”

ऊन तापलं, तशी समाधान पावलेली मंडळी मिसळ खायला गेली. बाग शांत झाली. नलूताई बराच वेळ दुर्बीण लावून कुठेतरी भलतीकडेच बघत होत्या. मग त्यांनी ती खाली घेतली आणि नॅपकिनने तोंड पुसलं.

“आली बाई एकदाची. पाल घेऊन आली. जेवली पिल्लं.”

“पण पिंगळा तर पिंपळावर…”

“ते समोरच्या चौथ्या मजल्यावरचं पायपुसणं आहे. गेल्या वर्षी वाऱ्यानं उडून अडकलंय.”

मी थोडा वेळ पायपुसण्याकडे बघत राहिलो. मग जवळ सरकून, अगदी हळू विचारलं, “नलूताई, आता तर कोणी नाही. मला एकट्याला खरी ढोली दाखवा ना.”

“पायपुसण्याचे डोळे बघितलेस ना, तेवढे पुरेत तुला.”