उतारावरचा न्यूट्रल

आमचे हे टॅक्सी चालवतात. आयुष्य मालकाच्या पेट्रोलच्या गाडीवर गेलं, डोंगरावरच्या गावातून खालच्या स्टेशनापर्यंत दिवसभर वर-खाली. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि फुकटात खाली यायचं, हा यांचा अभिमान. मागचे प्रवासी जीव मुठीत धरून बसायचे आणि हे पेट्रोल वाचल्याच्या आनंदात.

गेल्या वर्षी स्वतःची इलेक्ट्रिक गाडी घेतली. तीही सगळा हिशेब करून. पेट्रोलला जातो त्याच्या चौथ्या हिश्श्यात विजेचा खर्च, ऑइल बदलायला नको, इंजिनाची कटकट नको. हप्ता जाऊन वर चार पैसे उरतील, असं रोज जेवताना मला ऐकवायचे. मीही ऐकायची. पहिल्यांदाच हा माणूस कुणाचा नोकर राहणार नव्हता. गाडी घेताना शोरूममधला माणूस काही समजावायला लागला, तर यांनी "मला गाडी शिकवू नका" म्हणून त्याला गप्प केलं.

आणि झालं काय, तर दुपारीच बॅटरी मान टाकायची. घरची वीज स्वस्त, पण रस्त्यावरच्या चार्जिंगला दुप्पट-तिप्पट पैसे, वर रांग. तेवढ्यात हातची भाडी जायची. खर्च पेट्रोलच्या बरोबरीला आला, हप्ते थकले. यांची झोप उडाली. भाजीत मीठ कमी पडलं तरी खापर गाडीवर. शेवटी माझ्या धाकट्या भावानं हप्त्यांसकट गाडी घेतली आणि हे पुन्हा मालकाच्या दारात जाऊन उभे राहिले. मला फार वाईट वाटलं, पण बोलणार कुणाला.

परवा भाऊ आम्हाला स्टेशनापर्यंत सोडायला आला. "भावोजी, तुम्हीच चालवा की." उताराच्या तोंडाशी यांचा हात सवयीनं गिअरकडे गेला.

"अहो, न्यूट्रल कशाला?" भाऊ म्हणाला. "गिअरमध्येच राहू द्या. गिअरमध्ये असली की उतारावर ही आपली आपण चार्ज होते, न्यूट्रलला नाही. मला दुपारी कुठे थांबावंच लागत नाही."

यांनी हात मागे घेतला. समोरच्या स्क्रीनवर उरलेल्या किलोमीटरचा आकडा हळूहळू वाढायला लागला. यांची नजर सारखी तिकडेच जात होती. मला रडूही येत होतं आणि रागही. हा उतार रोज देत होता आणि आम्ही रोज सांडत होतो.

स्टेशनापाशी मालकाची गाडी उभी होती. हे उतरले, भावाच्या हातात किल्ली ठेवली.

"गाडी चांगली आहे," म्हणाले. "विकू नकोस."