पंचफुलाचे पांढरेशुभ्र मुळे

पंचफुला आमच्या दिग्रसच्या गल्लीत बावीस वर्षं भाजी विकते आहे. हा आकडा अंदाजाचा नाही. ती पहिल्यांदा आली त्या दिवशी तिच्याकडून मेथीच्या दोन जुड्या घेतल्याची नोंद माझ्या डायरीत आहे. गावाकडच्या अर्ध्या एकरात पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर आणि मुळा लावायचा, पहाटे उपटायचा, सकाळच्या बसनं आणायचा आणि दहापर्यंत टोपली रिकामी करून परत वावरात जायचं. नवरा गेल्यावर दोन मुली तिनं अशाच शिकवल्या. एक परिचारिका झाली. पंचफुलाच्या बोलण्यात ती रोज एकदा तरी येते.

तिच्या मुळ्याचं गल्लीत फार कौतुक होतं. पांढराशुभ्र, कुठे मातीचा कण नाही. बायका म्हणायच्या, हिचा माल घरी आणून धुवायचीसुद्धा गरज नाही. आणि धुवायच्याही नाहीत.

यंदा जानेवारीत समोरच्या पंजाबरावांची नात खुशी आजारी पडली. सहा वर्षांची पोर. उलट्या, जुलाब, ताप. तीन दिवस सलाईनवर होती. डॉक्टरांनी विचारलं, कच्चं काय खाल्लं? घरात कोणाला आठवेना. मला आठवत होतं, कारण मी लिहिलं होतं: ‘खुशी पायरीवर बसून मुळा खात होती, पानांसकट.’ मग मी घरोघरी जाऊन विचारलं. आणखी दोन घरांत पोटं बिघडली होती. दोघांनीही त्याच दिवशी पंचफुलाकडून मुळा घेतला होता आणि तसाच किसून कोशिंबीर केली होती. ज्यांनी त्याची भाजी शिजवली, त्यांना काही झालं नव्हतं.

एका सरकारी कार्यालयात जाऊन विचारलं, याची तपासणी कुठे होते? तिथला माणूस म्हणाला, “आजी, नमुना आणा.” मी म्हटलं, नमुना तर खाल्ला ना. तो हसला आणि फाइलकडे वळला.

दुसऱ्या दिवशी पंचफुला टोपली घेऊन आली तेव्हा पंजाबराव फाटकातच उभे होते.

“उद्यापासून या गल्लीत यायचं नाही. समजलं?”

“काहून, भाऊ? मी काय इख देऊन राह्यली का कोनाले?”

“पोरगी मरता मरता वाचली. तुमच्या लोकायले स्वच्छता कधी येईल, काय माहीत.”

‘तुमच्या लोकायले’ हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं, तो सूर पंचफुला लहानपणापासून ओळखते. ती टोपली उचलून माझ्या ओट्यावर येऊन बसली. चार महिने मुळा आणि पालकावरच तिचं घर चालतं, आणि तिची निम्मी गिऱ्हाइकं याच गल्लीत.

मी विचारलं, “मुळे कुठं धुतेस?”

“गावाखालच्या नाल्यात. वाहतं पानी हाये, बाई. साचलेलं नाही.”

“वरच्या अंगाला काय आहे?”

तिनं टोपलीतल्या जुड्या सारख्या केल्या. “गुरं बसतात. अन् संडासायचं पानी बी तिथंच सोडलं हाये आता.”

मी चिडले. बावीस वर्षांत हे तुला कळू नये? शिकलेल्या मुलीची आई तू. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती शांतपणे म्हणाली, “पयले मी मातीचाच आनत होती. तुमीच तं म्हनलं होतं, माती नको म्हून. आता मलेच बोलता.”

मला ते खोटं वाटलं. ती गेल्यावर जुन्या डायऱ्या काढल्या. दुपार गेली. १९ नोव्हेंबर २०१९, माझंच अक्षर: ‘पंचफुलाला बजावले. मुळ्याला माती चालणार नाही. ओटा खराब होतो.’

आमच्या मिशनरी शाळेत सिस्टर रोज नखं तपासायच्या. दिसतं ते स्वच्छ, हे तिथपासून डोक्यात बसलेलं. वावरातली माती घरच्या नळाखाली दोन मिनिटांत निघते. नाल्याच्या पाण्यातली घाण डोळ्यांना दिसत नाही. आणि ही माती मी स्वतः, तिला बजावून, तिच्याकडून नाल्यात धुऊन घेतली होती.

पंचफुलाला निरोप धाडला: माल मातीसकट आण. तिनं आणला आणि माझ्याच ओट्यावर बसली. गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली आणि पुढच्या हातगाडीवरचे पांढरे मुळे घेतले. ते कुठे धुतले, एकीनंही विचारलं नाही. मी चार जुड्या घेतल्या.

“बाई, तुमी एकट्या किती मुळा खासान?” पंचफुला म्हणाली.

पंजाबराव आले. टोपलीत डोकावून म्हणाले, “पाहा, किती माती. म्हणूनच पोरगी आजारी पडली.”

मी आतून डायरी आणली आणि ती नोंद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली; त्यानंतरच ती मुळे नाल्यात धुऊ लागली, हे सांगितलं. डॉक्टरांना मी विचारून आले होते, तेही सांगितलं: कच्चं खायचं ते वाहत्या चांगल्या पाण्याखाली चोळून धुवा, वरून कितीही स्वच्छ दिसू द्या, साल काढा, लहान मुलांना पाला शिजवूनच द्या. पंजाबरावांनी ऐकलं. “बरं,” एवढंच म्हणाले. माफी वगैरे नाही. पण तिला ऊठही म्हणाले नाहीत.

आता पंचफुला माझ्या अंगणातल्या बोअरच्या नळाखाली गिऱ्हाइकासमोर मुळे धुऊन देते. त्यात अर्धा तास जातो आणि तिची बस चुकते. निम्म्या बायका अजून हातगाडीकडेच जातात. थांबायला वेळ नाही म्हणतात. घरी धुवायलाही नसतोच.

काल खुशी आली. पंचफुलानं आधीच धुऊन ठेवलेला मुळा तिच्यापुढे धरला.

“हा नको,” खुशी म्हणाली. “माझ्यासमोर धू.”

पंचफुलानं दुसरा मुळा घेऊन नळ सोडला. मातीचं पाणी उडून माझ्या ओट्यावर आलं.

“एक पोरगी शिकली, बाई,” ती म्हणाली. “बाकीच्यायचं काय करू?”