घरजावई शोधायला मोटरसायकलवरून

त्या शरदात माझे आईवडील मोटरसायकलवरून माझ्यासाठी नवरा शोधत फिरत होते. मळणी उरकली की अमा छांगचा, म्हणजे जवाच्या घरगुती दारूचा, डबा मांडीवर घेऊन मागे बसायची आणि अबा किक मारायचे. मी दारात उभी राहून हात हलवायची. दुसरं काय करणार?

लडाखमधल्या आमच्या माथो गावात एकुलती मुलगी असली की घरी जावई आणावा लागतो, नाहीतर घराची चूल बंद. अमा स्वतःही एकुलतीच, आणि अबा नुब्रा खोऱ्यातून तिच्या घरी आलेले. मागणी घालायची रीत सोपी आहे. मुलाच्या घरी छांग न्यायची. त्यांनी पेला तोंडाला लावला तर होकार, तसाच मागे सरकवला तर नकार. चांग ला ही खिंड ओलांडून तांगत्सेला गेले, तिथून डबा परत आला. फोटू ला खिंड ओलांडून लामायुरूला गेले, तिथूनही परत. हल्ली सासूच्या घरात राहायला कोण येतो? पण हे अमाला सांगायची माझी छाती नव्हती, आणि अबा म्हणजे तोंडात गुळणी धरून बसलेला माणूस.

तिसरी खेप खारदुंग ला खिंडीपलीकडच्या सुमूरची, अबांच्या जुन्या गावाला लागूनच. इथे जमलं नाही तर आमच्या घरासाठी दुसरं कुणी उरलं नव्हतं. पुढचं सगळं मला अमानंच सांगितलं.

मोटरसायकल अबांइतकीच थकलेली. चढावर ती धापा टाकायला लागली तशी अमा उतरली आणि डबा पाठीला बांधून चालू लागली. वरच्या विरळ हवेत छांग फुगते, म्हणून झाकण सैल ठेवावं लागतं. ती झिरपून अमाच्या लोकरी झग्याला असा वास सुटला, की लष्करी ट्रकचा ड्रायव्हरही हसला. अबा थोडं पुढे जाऊन थांबायचे, दगडावर बसून गुडघा चोळायचे, ती पोचली की पुन्हा निघायचे. माथ्यावर मैदानी मुलखातलं एक तरुण जोडपं भेटलं, नव्याकोऱ्या मोटरसायकलवर.

"आंटी, या वयात दोघं फिरायला निघालात? किती छान!" त्यातली मुलगी म्हणाली.

"फिरायला नाही गं बाई, जावई आणायला. माझी पाठ मोडली. तुम्ही आपण होऊन कशाला मोडून घेताय?"

सुमूरला पोचेपर्यंत अमाचे पाय सरळ होईनात. मुलाच्या आईचं नाव स्पलझेस. तिनं दोघांना चुलीजवळ बसवलं, खारा चहा दिला. तिचा मुलगा दादुल कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. अमानं छांग ओतली. स्पलझेसनं पेल्याला हात लावला नाही. ती अबांकडे वळली.

"मुतुप-ले, तुम्ही आमच्याकडचेच. तुम्हीही असेच गेलात तिकडे. खरं सांगा, कसं वाटलं?"

अमा निर्धास्त होती. बरं वाटलं म्हणायचं, एवढंच तर काम.

अबांनी चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "वाईट कुणी वागलं नाही. पण भांडण झालं की बाकीचे सगळे आपापल्या घरात असायचे. मी तेवढा त्यांच्या घरात. संध्याकाळी चारा उलटवायच्या निमित्तानं छतावर जायचो, खारदुंगच्या बाजूला बघत बसायचो. मुलाला पाठवायचं तर पाठवा, स्पलझेस-ले. माझी पोर चांगली आहे. पण आधी त्याला विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं."

स्पलझेसनं मुलाला विचारलं. त्यानं नुसती मान हलवली, आडवी. तिनं पेला हळूच मागे सरकवला.

परतीच्या वाटेवर अमा पुन्हा डबा पाठीला बांधून खिंड चढली. माथ्यावर मोटरसायकल बंदच पडली तेव्हा तिचा बांध फुटला. "इतकी वर्षं माझ्या शेजारी जेवतोस. मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस?"

तिनं मागून ढकललं, त्यांनी किक मारली.

घरी आले तेव्हा संध्याकाळचं ऊन डोंगरावर चढत होतं. अबा उंबऱ्यावरच बसले, त्यांच्यात बूट काढण्याचंही त्राण नव्हतं. अमा खाली वाकली आणि त्यांचे बूट ओढून काढू लागली. तिला असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला एकदम भीती वाटली. वर न बघता तिनं मला विचारलं, "यांगडोल, तुला हवाय का गं नवरा?"

माझं लग्न ठरवायला ती सगळा लडाख पालथा घालून आली होती, पण हे तिनं मला आजवर विचारलं नव्हतं. मला रडूच आलं.

"नको, अमा. मला हे घर हवंय. नवरा नकोय."

एक बूट हातात धरून ती आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली.

"मग तू तरी आधी का नाही सांगितलंस?"

मी अबांकडे पाहिलं, अबांनी माझ्याकडे.